उमेदवारी आकड्यांची, प्रश्न घराचा

परीक्षांचा हंगाम सरत आला की महाविद्यालयांच्या आवारात अलीकडे 'इंटर्नशिप' हा शब्द वारंवार ऐकू येऊ लागतो. शासकीय परिपत्रकांनी त्याला 'आंतरवासिता' असा भारदस्त पर्याय दिला आहे. आपल्याकडे त्यासाठी पूर्वापार चालत आलेला शब्द उमेदवारी. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, सराफाच्या पेढीवर काही महिने पडेल ते काम करायचे, जाणत्याच्या हाताखाली बसून त्याची नजर आत्मसात करायची आणि मग स्वतंत्रपणे उभे राहायचे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला अभ्यासक्रमात स्थान दिले, तिच्यासाठी श्रेयांक ठेवले, हे योग्यच झाले. नवे आहे ते उमेदवारीचे क्षेत्र. गृहकर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्थांमध्ये 'डेटा ॲनालिटिक्स', म्हणजे कर्जदारांच्या साठलेल्या माहितीचे संगणकाच्या साहाय्याने विश्लेषण, हे काम आता उन्हाळी उमेदवारांच्याही हाती येऊ लागले आहे. बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या गावांतून संख्याशास्त्र वा संगणकशास्त्र शिकलेला एखादा विद्यार्थी दोन महिन्यांसाठी अशा कामावर पुण्या-मुंबईला रवाना होतो, तेव्हा घरच्यांना आनंद होणे स्वाभाविक आहे. तो आनंद कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हा विद्यार्थी ज्या आकड्यांवर काम करणार आहे, त्यांत त्याचा स्वतःचा जिल्हा कसा दिसतो, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

प्रथम हे काम नेमके काय असते ते पाहू. गृहकर्जाचा प्रत्येक अर्ज म्हणजे रकान्यांची एक ओळ असते. अर्जदाराचे वय, व्यवसाय, मासिक उत्पन्न, आधीच्या कर्जांचे हप्ते, घराची किंमत, मागितलेली रक्कम, तारणाची कागदपत्रे. त्यापुढे कर्ज दिल्यानंतरचा इतिहास: कोणत्या तारखेला हप्ता आला, कोणत्या महिन्यात चुकला. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज अनुत्पादक ठरते. अशा हजारो ओळी उमेदवारापुढे ठेवल्या जातात आणि त्याला विचारले जाते की, यांतून थकणारा कर्जदार आधीच ओळखता येईल का? तो सरासऱ्या काढतो, आलेख मांडतो, कोणत्या रकान्याचा थकबाकीशी किती संबंध आहे ते शोधतो आणि शेवटी एक गणिती नमुना बनवतो. पुढे हाच नमुना नव्या अर्जदाराला गुण देतो. काम बुद्धीचे आहे आणि आपल्या मातीला परकेही नाही. भास्कराचार्यांचे विज्जलविड म्हणजेच आजचे बीड, असे मानणारा अभ्यासकांचा एक पक्ष आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा दावा करणारे त्याला मान्यता देत नाहीत. तो वाद आपण विद्वानांवर सोडू. 'लीलावती'त व्याजाची गणिते आहेत, एवढे मात्र निर्विवाद.

अडचण गणितात नाही, रकान्यांत आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो स्त्री-पुरुष ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत कुटुंब फडावरच्या कोपीत राहते. निघण्यापूर्वी मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीला मिळून उचल मिळते. या जोडीला बोलीत 'कोयता' म्हणतात. दोन जितीजागती माणसे आणि नाव मात्र अवजाराचे. उचलीची रक्कम लग्नात, दवाखान्यात, मुलांच्या शिक्षणात आणि बऱ्याचदा अर्धवट राहिलेल्या घराच्या भिंतींत जाते. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. आता या कुटुंबाने घरासाठी कर्ज मागितले तर कोणत्या रकान्यात काय भरायचे? 'मासिक उत्पन्न' हा रकाना त्यांना लागूच पडत नाही, कारण पैसा वर्षातून एकदा आणि तोही कामाच्या आधी येतो. 'नियोक्ता' कोण, कारखाना की मुकादम? पत्त्याची खातरजमा करण्यासाठी संस्थेचा माणूस डिसेंबर-जानेवारीत गावात आला तर दाराला कुलूप. त्याच्या अहवालात तशी नोंद पडते आणि पुण्यात बसलेल्या विश्लेषकाला ती 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही' अशी दिसते. कुटुंब पळून गेलेले नसते. ते कर्ज फेडण्यासाठीच राबायला गेलेले असते.

यातली सर्वांत मोठी विसंगती पतगुणांकाची आहे. पतविषयक माहिती गोळा करणारी 'सिबिल' ही संस्था आपल्या देशात २००० साली स्थापन झाली. तिचा गुणांक ३०० ते ९०० या टप्प्यात असतो. ज्याने बँकेचे कर्ज कधीच घेतलेले नाही, त्याच्या नावापुढे उणे एक येतो. वीस वर्षे न चुकता उचल घेणाऱ्या आणि ती अंगमेहनतीने फेडणाऱ्या कुटुंबाच्या नावापुढेही उणे एकच येतो, कारण त्यांचा कर्जफेडीचा इतिहास मुकादमाच्या वहीत असतो आणि ती वही कोणत्याही संगणकात नसते. केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट केले. निर्देश स्वागतार्ह आहे. तथापि, नाकारायचे नाही तर मग पारखायचे कशावरून, याचे उत्तर कोणीतरी शोधून द्यावे लागेल.

शेतकऱ्याची गोष्टही फार वेगळी नाही. कापूस आणि सोयाबीन यांचा पैसा हाती येतो तो हंगामाला. पीककर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे वास्तव मान्य केलेले आहे. अल्प मुदतीच्या पिकांसाठी घेतलेले कर्ज दोन हंगाम थकल्यावर अनुत्पादक धरले जाते. त्याच शेतकऱ्याने त्याच बँकेतून घरासाठी कर्ज घेतले की मात्र त्याला नोकरदाराचा मासिक हप्ता आणि ९० दिवसांची मुदत लागू होते. म्हणजे पेरणीच्या दिवसांत तो थकबाकीदार आणि काढणीनंतर पुन्हा सज्जन! ग्रामीण घरकुलांच्या काही कर्जांचे हप्ते पीकहंगामाशी जोडावेत, ही कल्पना बँकिंगच्या नियमावलीत पूर्वी येऊन गेलेली आहे. ती सर्वसामान्य गृहकर्जात का रुजली नाही, हा प्रश्न एखाद्या अभ्यासू विद्यार्थ्याने घ्यावा असा आहे. जिल्ह्यातील हजार कर्जखात्यांच्या हप्त्यांच्या तारखा पावसाच्या आणि बाजारातील आवकेच्या तारखांशेजारी मांडल्या, तर कोण बुडवणारा आहे आणि कोण फक्त हंगामाची वाट पाहणारा आहे, हे वेगळे दिसू लागेल. त्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. ज्याच्या घरी कापूस वेचला जातो, अशा विद्यार्थ्याची मात्र गरज आहे.

तारणाचा प्रश्न आणखी जुना. शेतजमिनीला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला मात्र पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ एवढाच आधार होता. ती करआकारणीची नोंद. मालकीचा निर्णायक पुरावा म्हणून बँका ती सहसा स्वीकारत नाहीत. मराठवाड्यात त्यावर निजामकालीन इनामी जमिनींचा गुंता. परिणामी स्वतःच्या कष्टाचे पक्के घर असलेला माणूस कर्जाच्या लेखी बेघरच राहिला. महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी करून मार्ग दाखवला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी देशभरात ६५ लाख मालमत्ता पत्रकांचे वितरण झाले. हे शांतपणे घडत असलेले फार मोठे परिवर्तन आहे. पण पत्रक हाती आले म्हणून कर्ज मिळू लागले का? कोणत्या गावात, किती जणांना, काय व्याजाने? राष्ट्रीय आवास बँक १९८८ साली स्थापन झाली. तिचा घरांच्या किमतींचा 'रेसिडेक्स' निर्देशांक २००७ पासून निघतो आणि त्यात आज ५० शहरे आहेत. बीड त्यात नाही आणि नजीकच्या काळात असण्याचीही शक्यता नाही. धारूरच्या किंवा पाटोद्याच्या गावठाणातील दोन खोल्यांच्या घराची किंमत काय धरायची, हे आजही मूल्यांकन करणाऱ्याच्या अंदाजावर ठरते. अंदाज चुकला तर कर्ज कमी मिळते. उरलेले पैसे सावकाराकडून किंवा मुकादमाकडून येतात.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाचा येथे विशेष उल्लेख करायला हवा. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेने सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य दिले, घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरवले आणि बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र ठिकाणाच्या नोंदीसह जमा करण्याची शिस्त घातली. साहाय्य थेट बँक खात्यात जाते. दलालांची एक मोठी साखळी त्यामुळे तुटली. तरीही सिमेंट, लोखंड आणि वाळूचे भाव पाहता एवढ्या रकमेत छतापर्यंत पोहोचताना कुटुंबाची दमछाक होते. योजनेतच ७० हजार रुपयांपर्यंतच्या बँक कर्जाची तरतूद आहे. ही वरची रक्कम गावोगावचे लाभार्थी प्रत्यक्षात कोठून उभी करतात, हे ज्या दिवशी कोणी नीट मोजेल, त्या दिवशी घरकुलाचा आणि उचलीचा संबंध कागदावर येईल.

आकडे न तपासण्याची किंमत काय असते, ते सांगण्यासाठी बीडकरांना दूर जावे लागत नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेच्या शाखा २०२३ मध्ये बंद पडल्या आणि लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत निवृत्त शिक्षक होते, मुलीच्या लग्नासाठी साठवणारे शेतकरी होते, घर बांधण्यासाठी रक्कम बाजूला ठेवणारी कुटुंबे होती. सुमारे अडीच हजार कोटी रुपये कर्जाच्या नावाखाली संचालकांशी संबंधित उद्योगसमूहाकडे वळवले गेले, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. निकाल न्यायालय देईल. मुंबईतील दिवाण हाउसिंग फायनान्सचे प्रकरण तर थेट गृहकर्जाचेच. केंद्रीय अन्वेषण विभागाने २०२१ मध्ये नोंदवलेल्या गुन्ह्यानुसार, कंपनीच्या संगणकात बांद्र्याची एक शाखा होती, जी प्रत्यक्षात कोठेच नव्हती. तिच्या नावावर सुमारे २ लाख ६० हजार गृहकर्ज खाती आणि १४ हजार कोटींहून अधिक रकमेची कर्जे दाखवली गेली, असा आरोप आहे. मुंबईतील न उभारलेल्या घरांवर हजारो कोटींची कर्जे संगणकात नांदू शकतात आणि शिरूर कासारच्या उभ्या घरावर दोन लाखांचे कर्ज मिळत नाही, हे एकाच व्यवस्थेचे दोन चेहरे आहेत. दोन्हीकडे रकाना आणि वास्तव यांची गाठ कोणी घालून पाहिलेली नसते.

म्हणूनच उमेदवारीत काय शिकवले जाते, याला महत्त्व आहे. संगणकाच्या आज्ञावली शिकायला आज घरबसल्या भरपूर साधने आहेत. ही ओळ कोणी भरली, कोणाच्या दारात उभे राहून भरली, रिकामा रकाना खरोखर रिकामा आहे की विचारणाऱ्याने विचारलेच नाही, हे प्रश्न विचारण्याची सवय मात्र जाणत्याच्या हाताखालीच लागते. दुर्दैवाने अनेक ठिकाणी आंतरवासिता म्हणजे ओळखीच्या दुकानदाराच्या पत्रशीर्षावर आणलेले प्रमाणपत्र, एवढाच अर्थ उरला आहे. विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतात, महाविद्यालयाला अहवाल मिळतो आणि दोन महिने वाया जातात. पालकांनीही यात डोळेझाक करू नये.

दुसरा मुद्दा अंतराचा. केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेचा प्रायोगिक टप्पा सुरू केला. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील अग्रगण्य ५०० कंपन्यांत अनुभव देण्याचे उद्दिष्ट, महिना पाच हजार रुपये विद्यावेतन आणि सुरुवातीला एकरकमी सहा हजार. पहिल्या फेरीत १ लाख २७ हजार संधी होत्या, ८२ हजारांच्या आसपास प्रस्ताव दिले गेले. प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारांहूनही कमी. घरापासूनचे अंतर आणि बारा महिन्यांचा कालावधी, ही त्यामागची ठळक कारणे पुढे आली. पाच हजारांत पुण्यात खोली आणि खाणावळ भागत नाही, हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने २०२४ मध्ये पदवीधरांसाठी दहा हजार रुपये ठेवले आणि तरुणांना बहुधा घराजवळची आस्थापना मिळाली. प्रतिसादही चांगला आला. मुलींच्या बाबतीत तर अंतर निर्णायकच ठरते. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील बालकांमध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली, अशी ज्या जिल्ह्याची नोंद झाली, तेथे पदवीपर्यंत पोहोचलेली मुलगी दोन महिने परगावी पाठवायला घर कचरते आणि संधी हातची जाते. ती संधी बीडमध्येच असेल तर चित्र बदलेल. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे धावू लागली. जिल्ह्याच्या कित्येक दशकांच्या मागणीचे फळ मिळाले, पण त्या गाडीत बसून सारी हुशारी एकाच दिशेला जाऊ नये.

आमची सूचना साधी आहे. जिल्ह्यातील नागरी सहकारी बँका, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांनी एकत्र येऊन उन्हाळी उमेदवारीचा स्थानिक उपक्रम सुरू करावा. वीस विद्यार्थी, दोन महिने, महिना दहा हजार विद्यावेतन. हिशेब चार लाखांचा होतो. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी सत्कार समारंभाचा मंडप, भोजन आणि फलक यांचा खर्च यापेक्षा फारसा कमी नसावा. पहिला महिना बँकेत जुन्या कर्जखात्यांचा अभ्यास, दुसरा महिना गावात. कर्जदारांची नावे, आधार क्रमांक आणि मोबाइल क्रमांक काढून टाकूनच माहिती विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आहे, आणि तो नसता तरी शेजाऱ्याचे कर्ज किती हे गावातल्या मुलाला कळणे उचित नव्हते. मार्गदर्शनासाठी निवृत्त बँक अधिकारी प्रत्येक तालुक्यात आहेत. कर्जाचा अर्ज हाती घेताच त्यातले खरे-खोटे ओळखणारी ती पिढी आहे आणि ती नजर कोणत्याही गणिती नमुन्यात उतरवून ठेवलेली नाही. आपल्या वाचकांतही असे अनेक जण आहेत. त्यांनी आठवड्यातले दोन दिवस दिले तरी पुरेसे होईल.

वेळही अनुकूल आहे. विद्यार्थ्यांची सुटी आणि ऊसतोड कुटुंबांचे परतणे एकाच सुमारास येते. एप्रिल-मे महिन्यांत कुलपे निघालेली असतात, माणसे अंगणात भेटतात, विचारले तर हिशेब सांगतात. उचल किती घेतली, किती फिटली, घराची कोणती भिंत कोणत्या वर्षी उठली, हे त्यांना तोंडपाठ असते. मुकादमाच्या वहीत जे आहे ते कुटुंबाच्या संमतीने साध्या तक्त्यात उतरवता आले, तर बँकेसमोर ठेवण्याजोगा कर्जफेडीचा पहिला लेखी पुरावा तयार होईल. बँकेने तो लगेच मान्य करावा, असा आग्रह नाही. आधी शंभर कुटुंबांना लहान रकमा द्याव्यात, हप्ता हंगामाला घ्यावा आणि तीन वर्षांनी वसुली पाहावी. वसुली कमी आली तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे.

या कामाचा अहवाल विद्यापीठाला जाईल तो जाईल. त्याची एक प्रत १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचली जावी. त्या दिवशी गावातली माणसे गावातच असतात. पुढच्या गाड्या निघायला तेव्हा अजून दोन महिने असतात, आणि नव्या उचलीचे बोलणे त्याच दिवसांत सुरू होते.